बाबागाडी घ्यायची आहे? आधी लिफ्ट मोजा, मग दुकानात जा

आमची पहिली बाबागाडी अडीच महिने चालली. मोडली नाही, माळ्यावर गेली. ऑनलाइन फोटोत फार देखणी दिसत होती: राखाडी कापड, चामड्यासारखी मूठ, चहाचा कप ठेवायला खाचसुद्धा. घरी आल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली. आमच्या कारच्या डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे गाडी आत मावेना. सोसायटीबाहेरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक रुतायचं. आणि रोज संध्याकाळी नातवाला फिरवणार होते आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांना ती उघडताच येईना. "अगं, याला काय खटका आहे की कोडं?" असं म्हणून त्यांनी नातवाला सरळ कडेवर घेतलं.

दुसरी गाडी घेताना मात्र शहाणपण आलं होतं. बाळाला गाडीकडून दोनच गोष्टी लागतात: पाठ नीट टेकली पाहिजे आणि पट्टा घट्ट बसला पाहिजे. बाकीचं सगळं ढकलणाऱ्याला, उचलणाऱ्याला आणि रस्त्याला सोसायचं असतं. म्हणून निवड तिथून सुरू करा.

१. गाडी कुठे कुठे जाणार, ते लिहून काढा

एका आठवड्याचं खरंखुरं लिहा, मनातलं नको. आमची यादी अशी होती: सोसायटीच्या आवारात रोज, नाशिकात इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून दोनदा, मॉलमध्ये महिन्यातून एकदा, लसीकरणाला डॉक्टरांकडे, आणि सुट्टीत पुण्याला.

यादीत रामकुंड, काळाराम मंदिर, सराफ बाजार, पांडवलेणी असतील तर त्यावर सरळ काट मारा. घाटाच्या पायऱ्या आणि जुन्या नाशिकातल्या गल्ल्या यांना पुरी पडेल अशी बाबागाडी मी तरी पाहिली नाही. तिथे कडेवर घ्यायचं, किंवा मान धरणाऱ्या बाळाला बेबी कॅरियरमध्ये. मेन रोडवर सणासुदीला गाडी घेऊन गेलेल्या आईबापांचे चेहरे पाहिलेत का? निम्मा वेळ गाडी डोक्यावर आणि बाळ काखोटीला.

यादी सोसायटी आणि लिफ्टपुरतीच निघाली तर महागडी गाडी घेऊ नका. यादीत फक्त मॉल आणि विमानतळ असेल, तर घडी लहान होणारी हलकी गाडी पुरे. खडबडीत रस्त्यावर रोज चालवायची असेल, तरच चाकांवर पैसे घाला.

२. टेप काढा

चार मापं घ्या आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. लिफ्टच्या दाराची रुंदी (जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर दार पूर्ण सरकवल्यावर उरते ती). घराच्या मुख्य दाराची रुंदी. डिकीची लांबी, रुंदी आणि उंची, टाकी किंवा स्टेपनी वजा करून. आणि घडी केलेली गाडी घरात जिथे उभी राहणार ती जागा. ही शेवटची जागा सगळे विसरतात आणि मग चपलांच्या स्टँडशेजारी रोज ठेच लागते.

दुकानात गाडीची रुंदी बहुतेक वेळा मागच्या चाकांपाशी सगळ्यात जास्त भरते, तिथेच मोजा. जुळ्यांची शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी साधारण ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. लहान लिफ्टमध्ये ती अडकू शकते. जुळ्यांसाठी म्हणूनच पुढे-मागे सीटची गाडीही पाहून ठेवा.

कार नसेल आणि रिक्षानेच फिरायचं असेल, तर घडी केलेली गाडी रिक्षात पायांशी आडवी बसते का, हा एकच प्रश्न. बसत नसेल तर पुढे वाचायची गरज नाही, दुसरं मॉडेल बघा.

३. बाळाचं वय

आपल्याकडे सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, त्यामुळे जन्माच्या आधीच गाडी आणून ठेवायची घाई नको. आजीचं म्हणणं इथे सोयीचं पडतं, आणि मोठा खर्च थोडा पुढे जातो.

पण तीन-चार महिन्यांपर्यंत मान धरत नाही आणि सहा महिन्यांच्या आसपास बसायला लागतं, तोवर बाळाला पाठ सपाट टेकेल अशीच सीट हवी. मान पुढे कलली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लहान बाळाला ते सावरता येत नाही. दुकानदार खोक्यावरचं 'शून्य महिन्यापासून' दाखवेल. तुम्ही सीट पूर्ण मागे पाडून बाजूने बघा. पाठ खरंच जमिनीला जवळपास समांतर होते का? नुसती आरामखुर्चीसारखी कलत असेल, तर ती सहा महिन्यांनंतरची गाडी आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असू दे. आणि फिरून आल्यावर बाळ झोपलं असेल, तर त्याला गाडीतून काढून पाळण्यात किंवा सपाट गादीवर ठेवायचं. रात्रीची झोप गाडीत नको.

बाळाचं तोंड आपल्याकडे येईल अशी मूठ उलटी करता येणाऱ्या गाड्या मिळतात आणि पहिल्या वर्षात ते सुखाचं असतं. त्यात एक गोम आहे. मूठ उलटवली की वळणारी चाकं मागे येतात आणि गाडी हट्टी बैलासारखी वळते. ब्रेकही मग तुमच्या पायापासून दूर जातो. दोन्ही बाजूंनी ढकलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. पिठाची पिशवी घेऊन दुकानात जा

हे वाचून लोक हसतात, पण मला याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. रिकामी गाडी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी चालते. आम्ही ५ किलो पिठाच्या दोन पिशव्या घेऊन गेलो. एका वर्षाचं बाळ साधारण नऊ-दहा किलोचं असतं, म्हणून दोन. विक्रेत्याने आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी पीठ सीटवर ठेवून पट्टा लावला आणि गाडी बाहेर फूटपाथवर नेऊ का, असं विचारलं. तो "घेऊन जा ताई" म्हणाला, पण दारात येऊन उभा राहिला.

बाहेर पाच मिनिटांत निकाल लागला. पहिल्या गाडीची चाकं मुठीएवढी, चेंबरच्या झाकणाच्या कडेला लागून थांबली आणि पीठ पुढे ओणवलं. दुसरीची चाकं मोठी होती, किंचित धक्का देऊन ती वर चढली. बाबा म्हणाले, "हीच." त्यांचा ९० टक्के निर्णय तिथेच झाला होता, उरलेल्या १० टक्क्यांत रंग.

सिंहस्थाच्या कामांनी सध्या शहरात खोदकाम कुठे ना कुठे असतंच, शिवाय गतिरोधक आपले पाठीला ओळखीचे. म्हणून चाक लहान आणि कडक प्लास्टिकचं असेल तर विचार करा. फोमची चाकं पंक्चर होत नाहीत आणि रोजच्या वापराला पुरतात. हवेची रबरी चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण काटा लागला की सायकलच्या दुकानात जा. पुढची चाकं वळणारी असावीत, आणि खडीवर किंवा मुरमावर ती सरळ लॉक करता यावीत, नाहीतर ती बाजाराच्या ढकलगाडीसारखी थरथरतात.

मुठीची उंचीही याच वेळी तपासायची. जो रोज ढकलणार आहे, त्याला कंबर न वाकवता चालता आलं पाहिजे आणि पाय मागच्या दांडीला लागता कामा नये. उंच माणसाला ही दांडी फार सतावते.

५. पट्टा आणि ब्रेक: इथे तडजोड नाही

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. फक्त कमरेचा पट्टा असेल तर बाळ खाली घसरू शकतं किंवा उभं राहू शकतं. बकल मोठ्या माणसाला एका हाताने सुटावं, पण मुलाच्या बोटांना सुटू नये.

ब्रेक पायाने एकदाच दाबल्यावर दोन्ही मागची चाकं अडली पाहिजेत. प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक असेल, तर घाईत एकच लावला जातो. पिठासकट गाडी पार्किंगच्या उतारावर ब्रेक लावून, मागे हात तयार ठेवून, सोडून बघा. रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर तर ब्रेक लावल्याशिवाय हात काढायचाच नाही. मुठीला मनगटाचा पट्टा असेल तर तो वापरा.

आता माझी चूक. मुठीला भाजीची पिशवी अडकवलेली होती: दोन किलो कांदे, मेथी, कोथिंबीर. दारापाशी पोचल्यावर मी बाळाला पट्ट्यातून काढून उचललं, आणि पुढचं वजन गेल्याबरोबर गाडी मागे उलटली. कांदे जिन्यावरून तीन मजले खाली गेले. बाळ कडेवर होतं, म्हणून सुटलो. तेव्हापासून मुठीला काही लावत नाही, सामान खालच्या टोपलीत. टोपली मोठी आणि जमिनीलगत असलेली गाडी याच कारणासाठी घ्या.

६. घडी करून बघा, एका हाताने

दुसऱ्या हातात पिठाची एक पिशवी धरा. ती रडतेय, अशी कल्पना करा. आता गाडी मिटवा, उचला आणि पुन्हा उघडा. जमलं नाही तर घरीही जमणार नाही. हे आजी-आजोबांनाही करायला लावा. मोठ्या घडीच्या गाड्या नऊ-दहा किलोपर्यंत जातात, छत्रीसारख्या मिटणाऱ्या त्याहून बऱ्याच हलक्या. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर हा फरक रोज दोनदा कळतो.

छत्रीच्या घडीची ही कल्पना ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला हा माणूस. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमची तीन किलोहून हलकी गाडी केली. त्याच्याच नावाच्या मॅक्लॅरेन कंपनीने २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवरची कव्हरं वाटली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यात सापडत होती. म्हणून नामांकित कंपनीच्याही गाडीत बिजागरीकडे बघा. उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज यायला हवा, आणि मूल हाताच्या अंतरावर असताना गाडी उघडायची किंवा मिटवायची नाही.

७. ऊन, पाऊस, डास

छत्री मोठी आणि पुढे सरकणारी हवी. एप्रिल-मेच्या उन्हात लोक गाडीवर दुपट्टा टाकतात आणि बाळाला सावली दिल्याचं समाधान मानतात. आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते, उलट काम होतं. छत्री पुढे ओढा, सकाळी लवकर किंवा सहानंतर फिरा. सीटचं कापड मागे जाळीदार असेल तर पाठ भिजत नाही.

पावसाचं प्लास्टिक कव्हर घेताना त्याला हवेची भोकं आहेत का ते बघा, आणि पाऊस थांबला की लगेच काढा. मच्छरदाणी मात्र नक्की घ्या. पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती असते आणि संध्याकाळी बागेत फिरायची वेळ डासांचीही असते. कापड काढून धुता येतं का, हे विचारायला लाजू नका, पहिल्या महिन्यातच उत्तराची गरज पडते.

८. पैसे आणि जुनी गाडी

अगदी साधी गाडी तीन-चार हजारांत मिळते, पट्टा-ब्रेक-चाकं नीट असलेली साधारण सहा ते बारा हजारांत, आणि त्यापुढे आकाश खुलं आहे. माझ्या मते मधल्या गटाच्या वर जाण्याचं कारण बहुतेक घरांत नसतं. वजनाची मर्यादा १५ किलो असेल, तर गाडी साधारण तीन वर्षांपर्यंत चालते.

जुनी गाडी घ्यायला मुळीच कमीपणा नाही. बरीच मुलं वर्षभरात चालायला लागतात आणि गाडीत बसायला नकार देतात, त्यामुळे नातलगांकडे जवळजवळ नवी गाडी धूळ खात पडलेली असते. फक्त सांधे हलवून बघा, पट्टे ओढून बघा, बकल दहा वेळा लावून काढा आणि ब्रेक उतारावर तपासा. फ्रेमला तडा किंवा वेल्डिंग दिसलं तर फुकट मिळाली तरी नको. कापड धुऊन दिवसभर उन्हात टाका.

दुकानदार गाडीबरोबर वॉकर 'ऑफरमध्ये' देऊ लागला तर तो तिथेच ठेवा. पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने बेबी वॉकरवर २००४ पासून बंदीच घातली आहे.

९. घरी आणल्यावर

बिल आणि खोकं पंधरा दिवस जपा. पहिले दोन दिवस गाडीत बाळ नको, पिठाची तीच पिशवी घालून आजोबांना सोसायटीत एक फेरी मारू द्या. सगळे स्क्रू त्याच संध्याकाळी घट्ट करा आणि महिन्याने पुन्हा. चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते कात्रीने कापून काढा. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकातून परवा आईंच्या लोकरीचा हातभर धागा निघाला.