डेटाबेस चालू, तरी कनेक्शन नाही: माझा अनुभव
कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं वेब ॲप मी सांभाळतो. ते ज्यावर चालतं ते नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) 16 वरून 18 वर नेलं आणि दुसऱ्या दिवशी, सौदे तोंडावर असताना, पानच उघडेना. बाहेर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) थप्पी, दिवाणजी वहीत नोंदी करताहेत, माझा जीव टांगणीला. लॉगमध्ये ‘ईकॉनरिफ्यूज्ड ::1:3306’, म्हणजे कनेक्शन नाकारलं. आमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, तर चालू होता! पासवर्ड, फायरवॉल तपासण्यात तास गेला. मग त्या ::1 कडे नीट पाहिलं. तो स्वतःच्याच मशीनचा आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा) पत्ता, आणि डेटाबेस ऐकत होता फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच मशीनच्या जुन्या आयपीव्ही4 पत्त्यावर. नोड 17 पासून ‘लोकलहोस्ट’ या स्वतःच्याच मशीनच्या नावाचे पत्ते सिस्टीम देईल त्याच क्रमाने घेतो, आमच्याकडे आयपीव्ही6 आधी येत होता. सेटिंगमध्ये लोकलहोस्टच्या जागी 127.0.0.1 लिहिलं, ॲप रिस्टार्ट केलं. पहिली पावती निघाली तेव्हा दिवाणजींनी वही मिटली.