महाविद्यालयात मधुमेह जागृतीचा उपक्रम कसा घ्यावा

दरवर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्शुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी, जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. महाविद्यालयांमध्ये हा उपक्रम बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडे येतो. महाराष्ट्रात या तारखेची एक अडचण अशी आहे, की ती अनेकदा दिवाळीच्या सुटीत किंवा सत्र परीक्षेच्या धामधुमीत येते आणि मग रिकाम्या आवारात, मोजक्या स्वयंसेवकांच्या उपस्थितीत, फलक हाती धरून काढलेल्या छायाचित्रावरच कार्यक्रम संपतो. म्हणून पहिला सल्ला हाच की तारखेचा हट्ट धरू नये. डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन यांपैकी ज्या दिवशी आवार भरलेले असेल तो दिवस निवडावा आणि तयारीसाठी किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत.

तयारीला लागण्यापूर्वी उपक्रम कोणासाठी आहे हे ठरवावे. विद्यार्थी स्वाभाविकपणे विद्यार्थ्यांचाच विचार करतात, परंतु तपासणीची सर्वाधिक गरज ज्यांना असते ती माणसे त्याच आवारात असूनही नजरेआड राहतात : शिपाई, ग्रंथालय परिचर, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, कँटीनमधले आचारी आणि अर्थातच प्राध्यापक. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातही ३० वर्षांवरील व्यक्तींची तपासणी केली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती असल्याचा अंदाज मांडला. त्या अभ्यासात सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नसलेली माणसे या आकड्यांमध्ये मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतली काही आपल्या आवारात रोज वावरतात. म्हणून रक्ततपासणी ३० वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी आणि जोखीम मोजणी विद्यार्थ्यांसाठी, अशी विभागणी मला योग्य वाटते.

जोखीम मोजण्यासाठी सुई लागत नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेल्या ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’मध्ये वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी विचारल्या जातात. एकूण गुण १०० असतात. ३० पेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, ६० किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त जोखीम. समजा, वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मधुमेह आहे (१० गुण), त्याच्या कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर आहे (१० गुण) आणि तो कोणताच व्यायाम करत नाही (३० गुण). वयाचे शून्य गुण असूनही त्याची बेरीज ५० होते. वडिलांचा मधुमेह तो बदलू शकत नाही, पण ५० पैकी ३० गुण नुसते बसून राहण्याचे आहेत, ही गोष्ट तासभराच्या व्याख्यानापेक्षा त्या कागदावर त्याला लवकर पटते. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी, श्वास सोडल्यावर माप घ्यावे, विद्यार्थिनींचे माप विद्यार्थिनींनीच पडद्याआड घ्यावे आणि आकडा मोठ्याने उच्चारू नये.

रक्ततपासणी मात्र विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाती घेऊ नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा जिल्हा रुग्णालयाला प्राचार्यांच्या सहीचे पत्र महिनाभर आधी द्यावे आणि टोचण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्याकडेच ठेवावे. प्रत्येक व्यक्तीसाठी नवी, एकदाच वापरता येणारी सुई हवी. वापरलेल्या सुयांसाठी छिद्र न पडणारा पांढरा डबा आणि रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी हवी, आणि हा कचरा आरोग्य केंद्राचेच कर्मचारी परत नेतील हे आधीच ठरलेले असावे. रक्तशर्करा मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ग्लुकोमीटरच्या, पट्ट्यांची मुदत तपासावी. तपासणीपूर्वी प्रत्येकाने हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला जिलेबीचा पाक किंवा संत्र्याचा रस यंत्रावरचा आकडा उगाच फुगवतो.

या यंत्रावरून मधुमेहाचे निदान होत नाही, हे सूचनाफलकावर ठळक लिहावे. केव्हाही घेतलेली रक्तशर्करा डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर त्या व्यक्तीला प्रयोगशाळेतील उपाशीपोटीच्या तपासणीसाठी चिठ्ठी द्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ पासून पुढे मधुमेहाची शक्यता. तरीही अंतिम निर्णय डॉक्टरांचाच. मी पाहिलेल्या एका शिबिरात उत्साहाच्या भरात स्वयंसेवक आकडे मोठ्याने सांगून वहीत लिहून घेत होते. एका कर्मचाऱ्याचा आकडा तीनशेच्या पुढे गेला तेव्हा रांगेतली माणसे वळून पाहू लागली आणि त्यांच्या मागे उभे असलेले दोघे तपासणी न करताच निघून गेले. तेव्हापासून निकाल दुमडलेल्या चिठ्ठीवर आणि वेगळ्या टेबलावर द्यावा, असा माझा आग्रह असतो.

आहाराचा भाग हा या उपक्रमाचा गाभा आहे आणि तो व्याख्यानात न अडकता कँटीनपर्यंत पोहोचला पाहिजे. आदल्या आठवड्यात स्वयंसेवकांनी कँटीनमधील आणि फाटकाबाहेरील टपरीवरील बाटल्या व पुडे यांच्या लेबलांवरची साखर टिपून घ्यावी आणि तेवढी साखर वजन करून पारदर्शक पिशव्यांत भरून त्या त्या वस्तूशेजारी मांडावी. ज्या शीतपेयावर १०० मिलिलिटरला १०.५ ग्रॅम साखर छापलेली असेल, त्याच्या ६०० मिलिलिटरच्या बाटलीत ६३ ग्रॅम, म्हणजे सुमारे सोळा सपाट चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत असावी. हिशेब विद्यार्थ्यांना स्वतःच करू द्यावा. याच टेबलावर गूळ आणि मधही ठेवावा, कारण ‘गुळाचा चहा चालतो’ हा समज घरोघरी आहे, आणि गुळानेही रक्तातील साखर वाढतेच हे सौम्यपणे पण स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

कँटीनचालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तो ठेका भरून धंदा करतो आणि वडापाव खपतो म्हणून तळतो. त्याच्याशी बोलायला बसावे तेव्हा लक्षात येते की बदलाची निम्मी सामग्री त्याच्या स्वयंपाकघरात आधीच असते : मिसळीसाठी मटकीची उसळ रोजच शिजते, फक्त ती फरसाण आणि पावाशिवाय, ज्वारीच्या भाकरीबरोबर आणि काकडीच्या कोशिंबिरीसह कोणी मागत नाही. चाळीस ताटे करून बारा खपली तर तोटा त्याचा होणार, म्हणून स्वयंसेवकांनी आठवडाभर आधी कूपने विकून मागणीची हमी द्यावी. चहात साखर आधीच न घालता वेगळी देणे, गोड सरबताशेजारी ताक ठेवणे, बरणीत फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, हिवाळ्यात पेरू, उकडलेली अंडी हे बदल फारशा खर्चाचे नाहीत. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीला पर्याय म्हणून राजगिऱ्याचे थालीपीठ आणि दही ठेवता येईल. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, हे अनेकांना ऐकून नवल वाटते. पाककृती स्पर्धा घ्यायची असेल तर मैदा, साखर आणि तळण वर्ज्य ठेवून एका ताटाच्या खर्चाला मर्यादा घालावी आणि परीक्षकांमध्ये कँटीनच्या आचाऱ्याला मानाने बसवावे, कारण उद्या तो पदार्थ करणार तोच आहे.

वर्गात टाइप १ मधुमेह असलेला एखादा विद्यार्थी असू शकतो आणि ‘गोड खाल्ल्याने मधुमेह होतो’ अशी घोषणा त्याला दुखावते, शिवाय ती चुकीचीही आहे. त्याच्या शरीरात इन्शुलिन तयार होणे थांबलेले असते, त्यात त्याच्या खाण्याचा दोष नसतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचले गेले, त्यापूर्वी अशा मुलांच्या वाट्याला उपासमारीचा आहार आणि लवकर मृत्यू हेच येत असे. हा इतिहास फलकावर यावा. त्याचबरोबर साखर अचानक उतरल्यास काय करावे, याचे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक सर्व स्वयंसेवकांना द्यावे. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसले आणि व्यक्ती शुद्धीत असली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर झोपवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कार्यक्रमाचा दिवस मावळला की काम संपत नाही. चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकाची संमती घेऊन दोन स्वयंसेवकांनी पंधरा दिवसांनी भेटून तपासणी झाली का, इतकेच विचारावे, आणि रजा मिळत नसेल तर कार्यालयाशी बोलावे. हे तास राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाच्या १२० तासांत धरावेत, अशी विनंती कार्यक्रम अधिकाऱ्यांना करावी. अहवालात किती जण रॅलीत चालले याऐवजी किती चिठ्ठ्या दिल्या, त्यांपैकी किती जण रुग्णालयात पोहोचले आणि सहा आठवड्यांनंतर कँटीनमध्ये उसळ-भाकरीची किती ताटे रोज जातात, हे तीन आकडे लिहावेत. नावे वगळून ती वही पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांच्या हाती जुलैमध्येच द्यावी, म्हणजे आरोग्य केंद्राला पत्र पाठवायला त्यांना उशीर होणार नाही.