शरदातले रंग बाल्कनीत का येत नाहीत? या चुका टाळा

पाऊस ओसरला की घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये शेवंती, झेंडू आणि रंगीत पानांच्या क्रोटनच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या दिसतात. त्या घरी येतात आणि महिन्याभरात शेवंतीला नुसती पानं फुटतात, क्रोटन हिरवा पडतो. मग खतावर खत घातलं जातं. माझ्या मते दोष बहुतेक वेळा उजेडाचा असतो: दिवसा तो कमी पडतो किंवा रात्री जास्त होतो.

शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि सलग रात्र लागते. सप्टेंबरनंतर रात्र मोठी होत जाते, म्हणून ती याच दिवसांत फुलते. पण ठाण्यातल्या बाल्कनीत अंधार मिळतो कुठे? समोर रस्त्याचा दिवा, मागे हॉलची ट्यूबलाइट, आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रात्रभर चालू असलेली रोषणाई. अंधार मध्येच तुटला की झाड फुलायचं सोडून पानं वाढवत राहतं. कुंडी दिव्याच्या आड सरकवा. तशी जागा नसेल तर कळ्या दिसेपर्यंत रोज संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत चार काठ्या रोवून त्यावर जाड काळं कापड टाका. प्लास्टिक नको, ऑक्टोबरच्या उकाड्यात आत वाफ कोंडते.

पॉइनसेटिया, म्हणजे नाताळात दिसणारं लाल झाड, याहून हट्टी. त्याचा लाल भाग फुलाचा नसून पानांचाच असतो, आणि ती लाल व्हायला साधारण 14 तासांचा अंधार रोज, सलग आठ-दहा आठवडे लागतो. नाताळला लाल हवा असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच झाकायला लागा. दिवसा मात्र त्याला भरपूर उजेड हवा.

क्रोटनचं गणित उलटं आहे. सावलीत त्याचा रंग उतरतो. बऱ्याच जातींची पानं फुटताना हिरवी-पिवळी असतात, मग चांगल्या उन्हात हळूहळू लाल-केशरी होतात. पण ऊन आता कुठे पडतं ते आधी बघा. ठाणे आणि नवी मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पावसाळ्यानंतर तो दक्षिणेकडे सरकतो. जूनमध्ये उजळलेली उत्तरेकडची ग्रिल ऑक्टोबरमध्ये सावलीत जाते, आणि कुंड्या मात्र तिथेच राहतात. नेरुळ-वाशीच्या जवळजवळ उभ्या इमारतींमध्ये हा फरक आणखी जाणवतो. कुंड्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला हलवा, पण आठवडाभरात थोड्या थोड्या करून. एकदम कडक उन्हात ठेवलेला क्रोटन पानं गाळतो. छाटताना हातमोजे घाला, त्याच्या चिकाने खाज सुटते.

रंगीबेरंगी पानांच्या कोलियसला सकाळचं ऊन पुरतं, दुपारच्या उन्हात बऱ्याच जातींचा रंग विटतो. तुरे आले की खुडून टाका, नाहीतर पानं लहान आणि फिकी होतात.

कंदातून फुटणाऱ्या, रंगीत पानांच्या कॅलेडियमची पानं या दिवसांत पिवळी पडून झोपली की लोक कुंडी रिकामी करतात. तसं करू नका, कंद विश्रांती घेतोय. पाणी हळूहळू बंद करा आणि कुंडी कोरड्या जागी ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटी तो पुन्हा फुटेल.

शरदात लाल होणाऱ्या जपानी मेपलच्या फोटोंना भुलून रोप मागवणं मात्र मला खरोखर वाईट वाटायला लावतं. त्याला हिवाळ्याची थंड विश्रांती लागते, ती ठाण्यात मिळत नाही. त्याच जागेत लालसर पानांचा अकॅलिफा लावा, तो आपल्या हवेत आनंदाने वाढतो.

आणि एवढं केल्यावरही झेंडू नुसता माजत असेल, तर मग खत बघा. युरियासारखं नत्राचं खत थांबवा, पावसाने दाबून बसलेली वरची माती खुरप्याने सैल करा, पाणी सकाळी द्या आणि सुकलेली फुलं देठासकट खुडत राहा.