बिडाच्या तव्यातले पोर्क चॉप, सोबत अंजीर आणि पानओवा

थंडीत दिवे घाटापलीकडून अंजीर यायला लागले की हा बेत जरूर करा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीतला खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मीठा बहार असे त्याचे दोन हंगाम असतात. पोर्कसोबत मला खट्टा बहारच आवडतो, कारण त्याची गोडी जरा कमी असते. पोर्कच्या चरबीला आंबटगोड फळ फार छान मानवतं, जेवण जड वाटत नाही. सगळं एकाच तव्यात होतं आणि मांस आधी मीठ लावून ठेवलेलं असेल तर पाऊण तासात पानं घेता येतात.

तिघांसाठी हाडासकट चार चॉप घ्या, साधारण पाऊण किलो. पुण्याच्या कॅम्पात किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे मांसाच्या दुकानात, सांगून इंचभर जाडीचे कापून घ्या. पातळ चॉपला रंग येईपर्यंत आतून ते वातड होतात. कडेची चरबी काढू देऊ नका, आपल्याला तीच हवी आहे. रंग गुलाबी आणि वास ताजा असावा. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते मांस घेऊच नका. पट्टकृमीच्या अळ्या तशा दिसतात.

बाकी सामान घरातलंच: पिकलेले पण घट्ट सहा अंजीर, दोन मोठे कांदे, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, मिरपूड, मीठ, चमचाभर लोणी, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. कुंडीतल्या पानओव्याची चार-पाच पानं लागतील. रोझमेरीची काडी मिळाली तर उत्तम, मोठ्या भाजीवाल्यांकडे हल्ली असते. थाइम ही विलायती सुगंधी पानं मात्र शोधत बसू नका. थाइमच्या वासामागे जो थायमॉल असतो तो पानओव्यातही असतो, आणि पानओवा पुण्यात निम्म्या गॅलऱ्यांमधून वाढलेला दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम गॅस पेटवण्याआधीचं आहे. चॉपना दोन्ही बाजूंनी मिळून दीड चमचा मीठ चोळा आणि किमान पाऊण तास ठेवा. जमलं तर आदल्या रात्रीच मीठ लावून, न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारट पाणी हळूहळू मांसातच मुरतं. अर्ध्या वाटेवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांनी शिजवायला घेतलं तर पृष्ठभाग ओलाच राहतो. तव्यावर टाकण्याआधी स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने चॉप अगदी कोरडे करा. ओल असेल तोवर तव्याची आच पाणी उडवण्यातच जाते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. चरबीच्या कडेला दोन-तीन ठिकाणी सुरीने चिरा द्या, म्हणजे चॉप आकसून वाकडे होणार नाहीत.

बिडाचा खोलगट तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. तेल थेंबभरच. चॉप चिमट्याने धरून चरबीच्या कडेवर उभे करा आणि तीनेक मिनिटं चरबी वितळू द्या. पुढचा सगळा स्वयंपाक याच चरबीत करायचा आहे. मग चॉप आडवे ठेवा आणि चार मिनिटं हात लावू नका. रंग चढला की मांस तवा आपणच सोडतं, ओढून काढावं लागत असेल तर अजून थांबा. उलटून दुसरी बाजूही तशीच भाजा. तव्यात दाटी नको, दोन-दोन करून भाजले तरी चालतील. चॉप ताटलीत काढा. आतून ते अजून कच्चे आहेत, हे लक्षात असू द्या.

आता अंजीर उभे अर्धे करून, कापलेली बाजू खाली ठेवून मिनिटभर भाजा आणि लगेच काढा. जास्त ठेवले तर लगदा होतो. त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा आणि रोझमेरी घाला, मंद आचेवर कांदा मऊ तपकिरी होऊ द्या. इथे आठ-दहा मिनिटं जातात, घाई करू नका, रस्स्याची निम्मी चव या कांद्यात आहे. शेवटी ठेचलेला लसूण. मग पाणी आणि व्हिनेगर ओतून तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या.

चॉप आणि ताटलीत सुटलेला रस तव्यात परत टाका, झाकण ठेवा, मंद आचेवर चार-पाच मिनिटं. मांसाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मधोमध खुपसा. अमेरिकेच्या कृषी खात्याने पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती सांगितली आहे. मी मात्र आपल्याकडे ७१ अंशांपर्यंत नेते. कांद्याच्या रसात झाकून शिजल्यामुळे मांस तरीही कोरडं पडत नाही. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ कापून बघा आणि गुलाबी दिसलं तर पुन्हा झाकण ठेवा.

लोणी, मिरपूड, हाताने तोडलेला पानओवा आणि अंजीर शेवटच्या मिनिटाला घाला. पानओवा उग्र असतो, लवकर किंवा जास्त घातला तर बाकी कशाची चवच लागत नाही. रस्सा चाखा. फार गोड वाटला तर व्हिनेगरचे दोन थेंब, आंबट वाटला तर गुळाचा खडा. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच वाढा.

पावसाळ्यात अंजीर नसतात, तेव्हा नासपती किंवा आंबूस सफरचंदाच्या जाड फोडी घ्या. त्या कांद्याबरोबरच शिजवाव्या लागतात. सुके अंजीर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चालतात, तेच पाणी रस्स्याला वापरा. सोबत ब्रुन पाव किंवा ज्वारीची गरम भाकरी घ्या, रस्सा टिपायला दोन्ही छान. जेवण झाल्यावर रस्सा बिडाच्या तव्यात ठेवू नका. व्हिनेगरने तव्याचा मुरलेला तेलाचा थर जातो. तवा गरम पाण्याने धुऊन, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवून ठेवा.