आजीच्या डब्यातला रुपया ओळखताना

आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यात सात रुपये सापडले. काकूने उत्साहाने चिंच-रांगोळीने घासून लख्ख केले, आणि तिथेच निम्मं मोल गेलं! संग्राहकाला जुना काळपटपणाच हवा असतो. तेव्हा पहिलं काम, घासू नका.

आधी साल बघा. राणी छाप, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि 1939 पर्यंतचा सहावा जॉर्ज, या रुपयांत चांदी 91.7 टक्के, वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. 1940 ते 1945 मध्ये चांदी निम्म्यावर आली. 1947 चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला झटकन चिकटतो. आमच्यातले दोन चिकटले. काकूचा चेहरा पाहण्यासारखा होता.

घरचा हिशेब सोपा: 1939 पर्यंतच्या चांगल्या रुपयात साधारण 10.7 ग्रॅम चांदी, गुणिले आजचा ग्रॅमचा भाव. झिजलेला असेल तर काट्यावर टाका. सराफ थोडी घट धरतोच.

1911 चा रुपया निघाला तर मात्र मोडीत घालू नका. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, म्हणून ते परत घेऊन बहुतेक वितळवले. 1939 चाही दुर्मीळ. भिंगाखाली शेवटचा 9 तपासा, कोरून केलेला असू शकतो. हारासाठी कडी डाखलेली असेल, तर फक्त चांदीचाच भाव.