ॲल्युमिनियमचा पत्रा राऊटरने कापताना

मी सुतार, दुकान भुसावळला. लगीनसराई जवळ आली की बँजोवाले (लग्नात वाजवणाऱ्या पार्ट्या) ॲम्प्लिफायरच्या पॅनलसाठी येतात: ३ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात मीटरचा चौकोन, नॉबची भोकं. लेझरवाला एका नगासाठी हात लावत नाही, म्हणून मी हे काम लाकूडकामाच्याच राऊटरवर, म्हणजे फिरत्या बिटाने (कापायच्या पात्याने) खाच पाडणाऱ्या हातमशीनवर, करायला लागलो.

ॲल्युमिनियम कडक आहे म्हणून घाबरू नका. तो चिकट आहे, भानगड तिथं आहे. बिट तापला की कीस वितळल्यासारखा होऊन धारेला चिकटतो, मग बिट कापत नाही, नुसता घासतो, आणि तुटतो. ११०० सारख्या ग्रेडचा (जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा) मऊ पत्रा यात जास्त छळतो. ६०६१ हा कडक मिश्रधातूचा ग्रेड मिळाला तर सोपं जातं.

बिट कार्बाईडचा (पोलादापेक्षा कडक धातूचा), एकाच धारेचा, ६ मिमीचा घ्या. एक धार म्हणजे कीस बाहेर पडायला जागा. स्पीड कमी होणारं मशीन हवं, मी १५ ते १८ हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) ठेवतो. स्पीड कमी होत नाही म्हणून मी एकदा ट्रिमरला (छोट्या राऊटरला) पंख्याचा रेग्युलेटर जोडला होता. दोन मिनिटांत धूर. तो एवढ्या वॅटचा नसतोच, भो.

पत्र्याखाली प्लाय ठेवा आणि कडेला शिकंजे आवळा. डबल टेपवर भरवसा नको: मे महिन्यात इथं पारा ४४ च्या पुढे जातो, गोंद मऊ होतो नि पत्रा सरकतो. पत्र्यावरची प्लॅस्टिकची फिल्म काढू नका. नसेल तर मास्किंग टेप लावा, नाहीतर मशीनच्या बेसखाली आलेला कीस पत्र्यावर ओरखडे पाडतो.

सरळ कापायचं तर मार्गदर्शक पट्टी डाव्या हाताला बांधा आणि राऊटर पुढे ढकला, म्हणजे तो पट्टीलाच टेकून राहतो. एका पासला (रेघेवरून एकदा फिरवताना) अर्धा मिमी खोल, जास्त नाही. ३ मिमीला सहा-सात पास लागतात. प्रत्येक पासनंतर थांबून ब्रशने खाच साफ करा. बारीक टिकल्यांसारखा कीस उडत असेल तर चाललंय बरोबर. पीठ पडलं तर तुम्ही फार हळू जाताय. आवाज किंचाळला की लगेच उचला, मशीन बंद करा, प्लग काढा, चिकटलेलं ॲल्युमिनियम बांबूच्या काडीने खरवडा. जुने लोक रॉकेल लावायचे. मी नाही लावत, मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या डोळ्यांनी बघितल्यात. मेणबत्ती रेघेवर घासली की पुरते.

मीटरच्या चौकोनासाठी आधी एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं) टेम्प्लेट, म्हणजे त्याच मापाचा साचा, करून ते पत्र्याखाली स्क्रूने बसवा. भोक पाडून जिगसॉने १ मिमी आत कापा, मग टोकाला बेअरिंग असलेला बिट फिरवा, बेअरिंग टेम्प्लेटच्या कडेला टेकून चालतं. आतली कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बाहेरची उलट. चुकलात तर मशीन हातातून ओढलं जातं.

गॉगल हवाच, बाह्या लांब. हातमोजे मात्र नको, बिटात अडकतात. कीस गरम असतो, गळ्यात शिरला की कळतं.

शेवटी कडेची बर (कापल्यावर उरलेली धारदार कोर) कानशीने एका दिशेला ओढून काढा. मशीनच्या जाळीतला कीस हवेने उडवा, आत राहिला तर वायरिंग शॉर्ट होतं. आणि जमिनीवरच्या किसाला चुंबक लावून बसू नका, हा चिकटत नाही. झाडूच घ्या, नाहीतर रात्री चपलेतून घरात जातो.