कंपोनंट टेस्टरची चिप बदलून तिच्यात नवा प्रोग्राम भरण्याची पद्धत

सांगली-मिरज परिसरात पंपांचे स्टार्टर, इन्व्हर्टर आणि एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे) दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली मल्टिमीटरशेजारी एक छोटा कंपोनंट टेस्टर दिसू लागला आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, तीन क्रमांकांचे सॉकेट, एक बटण आणि छोटा पडदा एवढाच त्याचा पसारा असला, तरी ट्रान्झिस्टरचा कोणता पाय बेस आणि कोणता कलेक्टर, कपॅसिटरचे मूल्य किती आणि त्याचा ईएसआर (आतला रोध) वाढला आहे का, हे तो काही क्षणांत सांगतो. त्याचा मूळ प्रोग्राम जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी लिहिला, पुढे कार्ल-हाइन्झ क्यूबलर यांनी तो बराच वाढवला, आणि तो सर्वांसाठी खुला असल्यामुळे त्यावर आधारलेले असंख्य स्वस्त नमुने बाजारात आले. आत बहुतेक वेळा एटमेगा३२८पी ही एकच मुख्य चिप असते. ती सुटी विकत मिळते आणि प्रोग्रामही उपलब्ध असतो, त्यामुळे बंद पडलेला टेस्टर भंगारात टाकण्याचे कारण नाही.

मात्र प्रोग्राम पुन्हा भरला की टेस्टर सुरू होईल, ही समजूत घेऊन कामाला बसू नये. चिपमधला प्रोग्राम आपोआप पुसला जाणे दुर्मीळ आहे. चिपचा एखादा पाय आतून जळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि जळालेला पाय कोणत्याही प्रोग्रामने जिवंत होत नाही. टेस्टरची तीन टोके चिपच्या पीसी०, पीसी१ आणि पीसी२ या पायांना थेट जोडलेली असतात, मध्ये एकही रेझिस्टर नसतो. एसएमपीएसमधला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टपर्यंत भरलेला असेल, तर त्यात सुमारे दहा ज्यूल ऊर्जा असते, आणि तो तसाच सॉकेटमध्ये खोचला तर ती सगळी या पायांवर येते. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्या मानाने लहान असला, तरी चिप उडवायला तोही पुरेसा आहे.

म्हणून आधी लक्षणे पाहावीत. बटण दाबूनही पडद्यामागचा दिवा लागत नसेल, तर बॅटरी, बॅटरीची क्लिप आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर तपासावा. तिथे चिपचा संबंध नसण्याची शक्यता जास्त. बटण दाबून धरले तोवरच दिवा लागतो आणि सोडताच विझतो, हे लक्षण फार उपयोगी आहे. या सर्किटमध्ये बटणाने फक्त सुरुवातीचा पुरवठा मिळतो आणि नंतर चिपच पीडी६ या पायातून ट्रान्झिस्टर चालू ठेवून स्वतःचा पुरवठा टिकवते. म्हणजे इथे एक तर चिप चालत नाही किंवा तो ट्रान्झिस्टर गेला आहे. पडदा नीट उजळतो, अक्षरे दिसतात, पण चांगला भाग लावूनही तो अज्ञात किंवा खराब असल्याचेच टेस्टर सांगत राहतो, तेव्हा सॉकेटकडचा पाय जळाला असल्याचा संशय धरावा.

संशयाची खात्री मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर होते. बॅटरी काढून लाल प्रोब ग्राउंडवर धरावा आणि काळा प्रोब सॉकेटच्या १, २, ३ या टोकांना एकेक करून लावावा. चिपच्या प्रत्येक पायामागे आत संरक्षक डायोड असतो, त्यामुळे तिन्ही ठिकाणी साधारण ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारे आकडे यायला हवेत. एका टोकावर शॉर्ट किंवा पूर्ण ओपन आले, तर तो पाय गेला असे समजावे. पीसी०, पीसी१ आणि पीसी२ यांचे पायक्रमांक २३, २४ आणि २५ आहेत, आणि लांब २८ पायांची चिप असो वा चारही बाजूंना पाय असलेली ३२ पायांची, हे तीन क्रमांक दोन्हींत तेच राहतात.

याच वेळी सहा रेझिस्टरही मोजावेत. प्रत्येक टोकाला चिपच्या पोर्ट बी या पायांच्या गटातून एक ६८० ओहमचा आणि एक ४७० किलोओहमचा रेझिस्टर जोडलेला असतो आणि टेस्टरचे सगळे गणित त्यांच्याच मूल्यांवर चालते. बोर्डावर ते बहुधा ६८०० आणि ४७०३ असे छापलेले असतात; शेवटचा अंक शून्यांची संख्या सांगतो, म्हणून ६८०० पाहून तो ६.८ किलोओहमचा समजू नये. ज्या टोकाचा पाय जळाला, त्याचा ६८० ओहमचा रेझिस्टरही पुष्कळदा सरकलेला किंवा तुटलेला सापडतो.

कृष्णेच्या काठावरच्या मंडळींसाठी इथे एक वेगळी सूचना. २०१९च्या महापुरासारख्या वेळी पाण्यात भिजलेल्या किंवा नंतर ओलसर खोलीत पडून राहिलेल्या उपकरणांत चिप शाबूत असूनही आकडे चुकतात, कारण ४७० किलोओहमच्या वाटेवर गाळाच्या पातळ थरातून होणारी गळतीसुद्धा मोजमाप बिघडवायला पुरते. असा बोर्ड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच चिपबद्दल निर्णय घ्यावा.

चिप बदलायची ठरली, तर ती घेताना नावातले शेवटचे अक्षर वाचावे. पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवा किंवा ऑनलाइन घ्या, एटमेगा३२८पी आणि एटमेगा३२८पीबी या दोन वेगळ्या चिपा आहेत. पीबी प्रकारात ३२ पायांच्या चिपेवरचे ३ आणि ६ क्रमांकाचे पाय ग्राउंड आणि पुरवठ्याचे नसून पोर्टचे असतात, आणि खाली सांगितलेली क्रिस्टलची एक मांडणी तिच्यात उपलब्धच नाही. स्वस्त मिळाली तरी या कामासाठी ती घेऊ नये.

जुनी चिप सॉकेटवर असेल तर काम सोपे आहे. बोर्डावर सोल्डर केलेली असेल, तर तिला वाचवण्याची धडपड करू नये, कारण ती मेलेलीच आहे. हॉट एअर (गरम हवेचे सोल्डरिंग यंत्र) नसल्यास धारदार ब्लेडने तिचे पाय तिच्या अंगालगत हलक्या हाताने कापावेत, मधले काळे अंग उचलून घ्यावे आणि उरलेले पाय सोल्डरिंग आयर्नने एकेक करून पुसून काढावेत. ब्लेड पॅडवर घसरू देऊ नये. उखडलेले पॅड पुन्हा बसवण्यात चिप बदलण्यापेक्षा जास्त वेळ जातो. हॉट एअर वापरलाच, तर पडदा आणि हिरवे प्लास्टिक सॉकेट ॲल्युमिनियमच्या पट्टीने झाकावे.

जुन्या चिपेतला प्रोग्राम वाचून नवीत उतरवण्याचा विचार कुणाच्याही मनात येईल, पण कारखान्यातून आलेल्या चिपा बहुधा लॉक केलेल्या असतात आणि वाचल्यावर हाती येतो तो निरर्थक मजकूर. त्यामुळे प्रोग्राम क्यूबलर यांच्या संग्रहातूनच घ्यावा लागतो. त्या संग्रहात वेगवेगळ्या नमुन्यांसाठी वेगवेगळी फोल्डरे आहेत, आणि या दुरुस्तीतला खरा अडथळा इथेच आहे. चिप तीच असली तरी पडद्याच्या तारा कोणत्या पायांना जोडल्या आहेत हे नमुन्यागणिक बदलते, आणि पडद्याचा कंट्रोलरही बदलतो. बोर्डावर छापलेले नाव, पडद्याची जात आणि मल्टिमीटरच्या बझरने शोधलेले पडद्याचे चार-पाच पाय कागदावर लिहून काढावेत आणि ते ज्या फोल्डरच्या मेकफाइलशी (प्रोग्राम तयार करण्याच्या सूचनांच्या फायलीशी) जुळतात तेच निवडावे. नुसत्या बाहेरच्या फोटोवरून निवड केली तर प्रोग्राम व्यवस्थित भरला जातो आणि पडदा कोराच राहतो.

प्रोग्रामर म्हणून, म्हणजे संगणकातून चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारे उपकरण म्हणून, यूएसबीला जोडायचा यूएसबीएएसपी पुरेसा आहे. तो नसेल तर आर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डात त्याच्याच उदाहरणांतला आयएसपीचा स्केच (प्रोग्राम) भरून तोच प्रोग्रामर म्हणून वापरता येतो, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे उनो हमखास सापडतो. फक्त उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, नाहीतर संगणकाने पोर्ट उघडताच उनो स्वतःच रिसेट होतो. विंडोजवर यूएसबीएएसपीचा ड्रायव्हर झॅडिग या सॉफ्टवेअरने बसवावा लागतो. प्रोग्राम भरण्यासाठी एव्हीआरड्यूड हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे.

जोडायच्या तारा सहाच आहेत: पाच व्होल्ट, ग्राउंड, रिसेट, मोसी (चिपेत जाणारी माहिती), मिसो (चिपेतून येणारी माहिती) आणि एससीके (त्या माहितीचा ताल). लांब चिपेवर रिसेट पहिला पाय आणि मोसी, मिसो, एससीके अनुक्रमे १७, १८, १९. चौकोनी चिपेवर रिसेट २९ आणि बाकीचे १५, १६, १७. बोर्डावर यांच्यासाठी छिद्रे नसतील, तर चिपेच्या नाजूक पायांना तारा लावू नयेत. मोसी, मिसो आणि एससीके हे पीबी३, पीबी४ आणि पीबी५ म्हणजे वर मोजलेल्या सहा रेझिस्टरांपैकी तिघांचेच पाय आहेत, तेव्हा त्या रेझिस्टरांच्या चिपेकडच्या टोकाला बारीक तार सोल्डर करणे सोपे आणि सुरक्षित ठरते. मिसो ६८० ओहममधून सॉकेटच्या तिसऱ्या टोकाला गेलेला असल्यामुळे प्रोग्राम भरताना सॉकेट पूर्ण रिकामे ठेवावे. बॅटरी काढावी, आणि यूएसबीएएसपीवर व्होल्टेजचा जंपर असेल तर तो पाच व्होल्टवर ठेवावा.

आता काहीही लिहिण्याआधी फक्त चिपेची सही (तिचा ओळख-क्रमांक) वाचावी. एटमेगा३२८पी ‘१ई ९५ ०एफ’ असे उत्तर देते. ‘१ई ९५ १४’ आले तर ती पी नसलेली ३२८ आहे आणि चालते, पण एव्हीआरड्यूडला तसे सांगावे लागते. ‘१ई ९५ १६’ आले तर दुकानदाराने पीबी दिली आहे. उत्तरच आले नाही तर लगेच चिपेला दोष देऊ नये. कोरी चिप आतल्या घड्याळावर एक मेगाहर्ट्झने चालते आणि एससीकेचा वेग तिच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा, म्हणजे २५० किलोहर्ट्झपेक्षा कमी लागतो, तर यूएसबीएएसपी सहसा ३७५ किलोहर्ट्झवर बोलतो. एव्हीआरड्यूडच्या मोठ्या बी (-B) या पर्यायाला १० ही किंमत दिली की वेग उतरतो आणि बऱ्याच ‘मेलेल्या’ नव्या चिपा बोलू लागतात.

सही बरोबर आली की फ्यूज, म्हणजे चिप कोणत्या घड्याळावर आणि कशी चालावी हे ठरवणारी तिच्यातली सेटिंग्ज. आठ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असलेल्या बोर्डासाठी लो फ्यूज एफ७, हाय फ्यूज डी९ आणि एक्स्टेंडेड फ्यूज एफसी ठेवावा. एफ७मुळे चिप बाहेरच्या क्रिस्टलवर जाते (पीबी प्रकारात नसलेली मांडणी ती हीच), डी९ हे कारखान्याचेच मूल्य आहे, आणि एफसीमुळे पुरवठा सुमारे ४.३ व्होल्टच्या खाली गेला की चिप रिसेटमध्ये थांबते. एव्हीआरड्यूडच्या काही जुन्या आवृत्त्या एफसी लिहून परत वाचताना ०४ दाखवतात आणि तक्रार करतात; वापरात नसलेल्या बिटांमुळे ते होते, त्याने बिघडत नाही. फ्यूज लिहिण्यापूर्वी क्रिस्टल बोर्डावर खरोखर आहे आणि त्याचे सोल्डर धड आहे, हे भिंगातून पाहून घ्यावे. क्रिस्टल नसताना एफ७ लिहिले तर चिप पुढच्या वेळी उत्तर देत नाही, आणि तिला परत आणायला बाहेरून घड्याळाचा सिग्नल द्यावा लागतो किंवा क्रिस्टल लावावा लागतो. हाय फ्यूजशी मात्र खेळूच नये. रिसेटचा पाय बंद करणारे बिट चुकून लागले तर १२ व्होल्टच्या समांतर प्रोग्रामरशिवाय चिप उघडत नाही, आणि तो प्रोग्रामर शोधण्यापेक्षा दुसरी चिप घेतलेली बरी.

शेवटी दोन फायली भरायच्या: एक फ्लॅशची (प्रोग्राम साठवणाऱ्या स्मृतीची), दुसरी ईईप्रॉमची (छोट्या वेगळ्या स्मृतीची), आणि दोन्ही एकाच फोल्डरमधल्या हव्यात, कारण ईईप्रॉममध्ये पडद्यावरचा मजकूर आणि स्थिरांक असू शकतात आणि जोडी जुळली नाही तर पडद्यावर अगम्य अक्षरे येतात. क्रमही पाळावा. फ्लॅश लिहिताना एव्हीआरड्यूड आधी संपूर्ण चिप पुसते आणि डी९ या फ्यूजमुळे ईईप्रॉमही त्यात पुसले जाते, म्हणून आधी फ्लॅश आणि मग ईईप्रॉम, शक्यतो एकाच आज्ञेत.

प्रोग्रामर काढून बॅटरी लावावी आणि बटण दाबावे. पडदा उजळून कोरा राहिला तर मेकफाइलमधल्या पडद्याच्या पायांकडे आणि कॉन्ट्रास्टच्या मूल्याकडे परत जावे. अक्षरे आली तरी टेस्टर अजून मोजायला तयार नसतो. सॉकेटची तिन्ही टोके उघड्या तांब्याच्या तारेने एकत्र जोडून बटण दाबले की स्वयंतपासणी सुरू होते. टोके मोकळी करण्याची सूचना येताच तार काढावी, आणि शेवटी तो मागेल तेव्हा १ आणि ३ या टोकांत १०० नॅनोफॅरड ते २० मायक्रोफॅरडमधला कपॅसिटर लावावा. तो फिल्मचा असावा, इलेक्ट्रोलिटिक नको. इथे घाई केली किंवा तारा लांब ठेवल्या, तर पिकोफॅरडच्या मोजमापात कायमची चूक बसते. नंतर एक टक्क्याचे दोन-तीन रेझिस्टर आणि एक चांगला ट्रान्झिस्टर तिन्ही टोकांवर आलटून-पालटून लावून आकडे जुळतात का ते पाहावे.

नवी चिप टिकवायची असेल, तर तिन्ही टोकांवर एसआरव्ही०५-४ ही छोटी संरक्षक आयसी बसवता येते. क्यूबलर यांच्या माहितीपत्रकातही तिचा उल्लेख आहे. मात्र पंपाच्या किंवा इन्व्हर्टरच्या भरलेल्या कपॅसिटरपुढे तिच्यावर विसंबू नये. असा कपॅसिटर आधी १०० वॅटच्या टेस्ट लॅम्पमधून रिकामा करावा, मल्टिमीटरच्या डीसी रेंजवर त्याचे व्होल्टेज शून्याजवळ आल्याचे पाहावे, आणि मगच त्याचे पाय टेस्टरच्या सॉकेटमध्ये घालावेत.